जशी आहे तशी स्कूटर

आमची मुलगी चिखलाची नोकरी करते. हे मी म्हणत नाही, आमचे आबा म्हणतात. आबा म्हणजे माझे वडील. सगळं आयुष्य मावळातल्या टाकवे गावच्या भातखाचरात गेलेला माणूस. नात शिकून कुठं लागली असं कोणी विचारलं की ते बंडीच्या खिशात हात घालून सांगतात, "जपानी लोकांच्यात चिखुल थापती. आमच्या घरात भाताची चिखलनी समद्यांनीच केली, पन तिचा पगार घेनारी ही पयलीच."

नात चिडते. "आबा, चिखल नाही तो, क्ले आहे. ओव्हनमध्ये गरम करून वापरतात."

"बरं बाई, भाजल्याला चिखुल."

सुदुंबऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एका जपानी कंपनीचं डिझाईन सेंटर आहे, तिथं ती आहे. राहतेही तिकडंच. कंपनी दुचाक्या बनवते, पण त्या दुसरीकडे. इथं फक्त ठरतं की गाडी दिसेल कशी आणि माणूस तिच्यावर बसेल कसा. नुसतं एवढं ठरवायला एवढी मोठी काचेची इमारत कशाला लागते, हा प्रश्न मला पडला होता. आमच्याकडे गाडीवर कसं बसायचं हे गाडीवर बसल्यावर ठरतं, आणि चौथा माणूस आला की पुन्हा ठरतं.

एकदा घरच्या मंडळींना सेंटर दाखवायचा दिवस होता, तेव्हा मी आत जाऊन आलो. फाटकावर माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. मला वाटलं, आत काय नि काय असेल! आत बघतो तर एका मोठ्या खोलीत मधोमध तपकिरी क्लेची अख्खी स्कूटर उभी, आणि तिच्या दोन बाजूंना सेंटरचे दोन मुख्य डिझायनर डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवत होते. बाजारात म्हैस घेताना पाठीवरून, पोटावरून हात फिरवतात ना, अगदी तसा.

त्यातले एक उंच, केस पिकत आलेले जपानी गृहस्थ. त्यांना आमच्या घरात साहेब म्हणतात. दुसऱ्या त्यांच्याच वयाच्या जपानी बाई, त्या मॅडम.

"यातलं मोठं कोण?" मी मुलीला विचारलं.

"दोघंही."

"असं कसं? सही कोण करतं?"

"दोघंही, बाबा."

मी लोणावळ्यातल्या एका हॉटेलात स्टोअर सांभाळतो. आमच्याकडे मॅनेजर एकच आहे, तरी ऐकायचं कोणाचं हे अजून ठरलेलं नाही. इथं दोन मॅनेजर आणि खोलीत चकार शब्द नाही. तेवढ्यात साहेबांनी एक पातळ पातं घेऊन स्कूटरच्या मागच्या अंगाची पुरणाच्या गोळ्याएवढी क्ले खरवडून काढली. मॅडम शांतपणे फिरून त्या बाजूला गेल्या आणि तेवढीच क्ले बोटानं पुन्हा तिथंच दाबून बसवली. साहेबांनी थोडा वेळ बघितलं आणि तिच्यातली निम्मी काढली.

"हे त्यांचं भांडण चाललंय," मुलगी माझ्या कानात म्हणाली.

"कोण जिंकतंय?"

"कळेल. सोमवारपासून चालू आहे."

या दोघांचा एक नियम आहे आणि त्यावर दोघांचं एकमत आहे. कुठल्याही वस्तूची कागदावर रेघ ओढायच्या आधी ती वस्तू जिथं वापरतात तिथं जायचं आणि आपल्या डोळ्यांनी बघायचं. कोणी सांगितलं, कुठं वाचलं, असलं चालत नाही. स्कूटरवरची माणसं चढाला काय करतात हे बघायला मॅडम एकदा कुरवंड्याच्या चढावर सकाळभर उभ्या राहिल्या. बाईंची गाडी चुकली असं समजून येणारा-जाणारा थांबून लिफ्ट देऊ करत होता, एका मावशींनी तर पाणी पाजून "आमच्या घरी टेका जरा" म्हणून हात धरला. मॅडम गेल्याही. त्या घरातली स्कूटर बघून आल्या.

आता मुलीची गोष्ट. सेंटरमध्ये ती सगळ्यात नवी. नव्या माणसानं करायचं काय, तर दुसऱ्यानं घडवलेलं घासून गुळगुळीत करायचं. वर्षभर ती घासत होती. मग खेड्यातल्या माणसांसाठी एक नवी स्कूटर काढायचं ठरलं आणि बैठकीत ही पोरगी बोलली. म्हणाली, आमच्या घरी जी स्कूटर आहे तिला मागं दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे आहेत, बाबा त्यांना दुधाच्या किटल्या अडकवतात. असे आकडे कंपनीनंच दिले तर? नको तेव्हा आत मिटणारे? नुसतं बोलून थांबली नाही, सुट्टीच्या दिवशी जाऊन क्लेचं छोटं मॉडेल करून ठेवलं.

मॅडमना ते पटल्यासारखं वाटलं. साहेबांना नाही. ते म्हणाले, गाडीला शिंगं फुटल्यासारखी दिसतात. मुलीच्या एका वरिष्ठ सहकाऱ्यानं स्वच्छ बंद पाठीची गाडी काढली होती, साहेबांना ती बरी वाटत होती. पण नियम म्हणजे नियम. साहेब म्हणाले, आधी वडिलांची स्कूटर बघू, मग ठरवू. आकडे पटले तर मोठं मॉडेल आमच्या मुलीनं करायचं, स्वतःच्या नावावरचं पहिलं. नाही पटले तर सहकाऱ्याचं मॉडेल होणार, आणि हिनं ते घासायचं.

हे सगळं तिनं मला फोनवर नीट समजावून सांगितलं. शेवटी म्हणाली, "बाबा, एकच सांगते. गाडी जशी आहे तशी ठेवा. धुऊसुद्धा नका."

"बरं."

"बरं नाही, बाबा. हात लावू नका. शपथ घ्या."

"घेतली."

मला सगळं स्पष्ट ऐकू आलं होतं आणि अर्थही कळला होता, हे इथंच सांगून ठेवतो. पण आमच्या मावळात पाहुणा फोन करून म्हणतो, "काही करू नका हं, नुसता चहा घेऊ." म्हणजे काय करायचं असतं? पुरण घालायचं असतं. माझ्या मेव्हण्यानं एकदा असंच सांगितलं आणि नव्यानव्याच्या भोळेपणात आम्ही खरंच नुसता चहा केला. आज त्याला नातवंडं झाली, पण प्रत्येक लग्नात पंगतीला माझ्याशेजारी बसून तो म्हणतो, "दाजींच्या घरचा चहा मात्र फक्कड असतो." तेव्हापासून "काही करू नका" ऐकलं की मी पिशवी घेऊन बाहेर पडतो.

घरात मी निरोप सांगितला. बायको म्हणाली, "धुऊ नका म्हणाली? गुणाची गं माझी पोर. बापाला खर्चात नको पाडायला म्हणून म्हणाली असणार."

आबा अंगणातल्या बाजेवर बसले होते, त्यांनी स्कूटरकडे मान वळवली. स्कूटर मुळात निळी होती असं कागदपत्रात लिहिलंय. एक आरसा होता. फाटलेल्या सीटवर गोणपाट, ते सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेलं. पाय ठेवायच्या जागेवर एक आडवी फळी. मागं सळईचे दोन आकडे, कामशेतला वेल्डिंग करून घेतलेले, आणि पुढचं मडगार्ड तारेनं शिवलेलं.

"ही दावनार व्हय जपानी मानसांना?" आबा म्हणाले. "एवढ्या लांबून आलेली मानसं. हिच्यापरीस म्हस दाव, ती तरी धुतल्याली असती."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. त्यात मी पडलो हॉटेलातला माणूस. पाहुणा खोलीत शिरायच्या आधी तिथं कोणी राहिलं होतं याची खूण राहता कामा नये, यावर माझा पगार चालतो. मी स्कूटर कामशेतच्या गॅरेजला घातली.

"आकडं काय करू, भाऊ?" गॅरेजवाल्यानं विचारलं.

"काप."

"आन् फळी?"

"काढून दे."

"मग दूध कशावं न्यायचं?"

"तू रंगाचं बघ रे," मी म्हणालो. "पाहुणे जपानचे आहेत."

गाडी आली ती अशी, की शेजारच्यांनी पेढे मागितले. निळा रंग, काळं सीट, दोन आरसे, आकडे होते तिथं पॅच मारून वर रंग. बायकोनं हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. मी वर स्वच्छ चादर टाकून ठेवली, पाहुण्यांसमोर एकदम काढायची म्हणून. आमच्या हॉटेलात नव्या हॉलचं उद्घाटन असंच झालं होतं.

पाहुणे दुपार कलल्यावर आले. भातं झोडून झाली होती, अंगणाच्या कडेला पेंढ्याची गंजी रचलेली होती. साहेब आणि मॅडम मुलीबरोबर गाडीतून उतरले आणि अंगण सारवलेलं बघून तिथंच बूट काढायला लागले. आबांनी धावत जाऊन साहेबांचा हात धरला, "राहू द्या, राहू द्या, हितं म्हशी बी येत्यात." मुलीनं ते इंग्रजीत सांगितलं असावं, कारण मॅडम हसल्या आणि बूट तरीही काढले.

मी घसा खाकरला, चादरीचं टोक धरलं आणि ओढलं.

टाळी वाजली नाही. मी मुलीकडे बघितलं. तिचा चेहरा मी तिच्या दहावीच्या गणिताच्या पेपरानंतर असा बघितला होता.

"बाबा, आकडे कुठंयत?"

"काढले."

"फळी?"

"तीपण."

"गोणपाट?"

"ते बंबात घातलं," बायको कौतुकानं म्हणाली. "किती वास येत होता त्याला!"

साहेबांनी स्कूटरभोवती एक फेरी मारली. कमरेत वाकून मला म्हणाले, मुलीनं मराठीत सांगितलं त्याप्रमाणे, की गाडी फार छान ठेवलीय. मीही वाकलो. ते परत वाकले. मी परत वाकलो. हे किती वेळ चालायचं असतं ते मला माहीत नव्हतं, तेव्हा मुलीनं माझा शर्ट मागून धरला. मॅडम मात्र मागच्या चाकाशी उकिडव्या बसल्या होत्या. पॅच मारलेल्या जागेवर त्यांनी तळहात ठेवला, डोळे मिटले आणि काहीतरी विचारलं.

"मॅडम विचारतायत, इथं आधी काय होतं," मुलगी म्हणाली.

"कुठं काय?" मी म्हणालो.

"पहिल्यापासून अशीच आहे ती," बायको म्हणाली.

मुलीनं हे भाषांतर करून सांगितलं की नाही, मला माहीत नाही. ती "आलेच" म्हणून गोठ्यात गेली. पाठोपाठ मी गेलो.

ती म्हशीच्या पाठीवरच्या काड्या वेचत उभी होती.

"मी सांगितलं होतं ना, बाबा?"

"सांगितलंस गं. पण तसं सगळेच सांगतात."

"मी सगळे आहे का?"

म्हशीच्या पाठीवरच्या दोन काड्या मीही वेचल्या.

"एवढ्या लोकांसमोर मी सांगितलं की माझे बाबा रोज असं दूध नेतात," ती म्हणाली. "आता ते काय समजतील? की हिनं मनानं काहीतरी रचलं. त्यांच्यासमोर दुसरं काही केलेलं चालतं, बाबा, पण न बघितलेलं बघितलं म्हणून सांगितलेलं चालत नाही. आता जन्मभर घासायचं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलत होती, सेंटरमध्ये बोलतात तसं.

बाहेर बायकोनं ताटं मांडली होती. पुरणपोळी, कटाची आमटी, इंद्रायणीचा वाफाळता भात. साहेब मांडी घालून बसले. मांडी त्यांची चांगली बसली, फक्त त्यात जागा बरीच गेली. मुलगी पानावर बसून काही खात नव्हती. मी वाढायचा बहाणा करून सारखा आत-बाहेर करत होतो. एवढ्यात आबांनी विचारलं, "दूध कवा जायाचं डेरीला?"

"आबा, पाहुणे जेवतायत."

"पाहुनं हायती म्हनून म्हशीनं दूध द्यायचं न्हाई म्हनली का? धार काडून झाली. नासलं तर जपानला धाडतो काय?"

आबांचं बरोबर होतं. डेअरी कोणासाठी थांबत नाही. मी दोन्ही भरलेल्या किटल्या अंगणात आणल्या आणि त्या चकचकीत स्कूटरपुढे उभा राहिलो. आता या ठेवायच्या कुठं?

एक किटली हँडलला अडकवून बघितली. हँडल तिकडंच वळलं. खाली पायाशी ठेवली, तर नव्या पॉलिशवरून ती अशी घसरली की मी पोटरीनं अडवली म्हणून बरं. मागं वळून बघतो तर साहेब हातात अर्धी पोळी घेऊन दारात उभे. त्यांच्यामागं मॅडम. दोघंही चप्पल न घालता.

बायकोला ते बघवेना. "अहो, फळीशिवाय काही खरं नाही."

"फळी कुठंय?"

"पाण्याच्या पिंपावर झाकण केलंय."

"आण."

"मी आणू? चुलीवर तूप आहे!"

शेवटी फळी तिनंच आणली. आबांनी कुठूनतरी सायकलची जुनी ट्यूब काढून विळीवर तिच्या पट्ट्या केल्या. फळी आडवी टाकली, दोन्हीकडून टीचभर बाहेर येईल अशी. तिच्यावर पोत्याची घडी, घडीवर किटल्या शेजारी शेजारी. बायकोनं मॅडमना हातानं खूण केली, "धरा हो जरा," आणि सेंटरच्या मुख्य डिझायनरनं आमच्या दुधाची किटली धरली. आबा पट्टी ताणत होते आणि मला ओरडत होते, "वड की! जेवला न्हाईस का?" पाहुण्यांचं भान कोणालाच उरलं नव्हतं. हार मध्ये यायला लागला तसा बायकोनं तो काढून म्हशीच्या गळ्यात घातला.

मुलगी केव्हा येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. ती बघत होती, कपाळाला आठी घालून.

"बाबा, आकडे नाहीत, तर हे तुम्हाला इतक्या पटकन कसं सुचलं?"

"सुचायचं काय त्यात? रोज असंच नेतो."

"रोज? आकड्यांना नाही अडकवत?"

"आकड्यांना रिकाम्या, येताना. भरलेल्या अडकवल्या तर प्रत्येक गतिरोधकाला कपडे धुऊन निघतील. भरलेल्या जाताना फळीवर, गुडघ्यांत धरून."

"मी तर कायम आकड्याला बघितल्यात."

"तू कॉलेजातून यायचीस त्याच वेळी मी डेअरीवरून यायचो. जाताना तू मला कधी बघितलंस?"

ती फळीकडे बघायला लागली. मॅडमनी तिच्याकडे बघून विचारलं. काय विचारलं हे कळायला मला इंग्रजी यायची गरज नव्हती: बाबा काय म्हणाले?

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी हादरलो. हे तिनं सांगितलं तर आकडे गेले. पहिलं मॉडेल गेलं. आणि न सांगता चाललं असतं. तिच्याशिवाय तिथं मराठी कळणारं पाहुण्यांकडचं कोणी नव्हतं. मी तिला डोळ्यांनी खुणावलं सुद्धा, की सोड, म्हण 'बाबा म्हणतात आकडे लय चांगले होते'. बाप असा असतो.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती साहेबांकडे वळली आणि सावकाश, एकेक वाक्य करून, सगळं सांगितलं. हातानं आकडे दाखवले, रिकामी किटली दाखवली. मग स्वतःकडे बोट केलं आणि मान हलवली.

उरलेली पोळी साहेबांनी तोंडात घातली, हात रुमालाला पुसले आणि स्कूटरकडे आले. त्यांना चालवून बघायची होती.

"त्यास्नी म्हनावं, दूध माजं हाय," आबा म्हणाले.

हे मुलीनं सांगितलं. साहेबांनी आबांना वाकून नमस्कार केला आणि ते बसले. मी चालवतो तेव्हा माझे पाय फळीच्या टोकांवर असतात, किटल्या गुडघ्यांत आणि गुडघे फाकलेले, बेडकासारखे. साहेब माझ्याहून वीतभर उंच. त्यांचे गुडघे फाकून हँडलच्या वर आले. गाडी निघाली तर छान, सरळ. साहेब खूश. बायको म्हणाली, "किती सफाईदार!" पण आमचं अंगण सरळ कुठंवर पुरणार? चिंचेपाशी वळायचं होतं. साहेबांनी हँडल वळवलं, ते त्यांच्याच गुडघ्याला लागलं आणि थांबलं. गुडघा बाजूला घ्यावा तर किटली सुटते. किटली सुटू नये म्हणून त्या भल्या माणसानं गुडघा सोडला नाही, वळण सोडलं, आणि ते तसेच सरळ, ताठ बसून, पेंढ्याच्या गंजीत गेले.

गंजी हलली, वरून चार पेंढ्या घसरल्या आणि साहेब दिसेनासे झाले.

"घातला सायेब गंजीत," आबा म्हणाले. "पोरीची गेली नोकरी."

आम्ही धावलो. साहेब पेंढ्यात स्कूटरवर तसेच बसले होते, डोक्यावर काड्या, शर्टावर दूध, आणि दोन्ही गुडघ्यांत आमच्या किटल्या घट्ट. एकीचं झाकण उडालं होतं. दुसरी शाबूत. ते उठेनात. लागलं की काय म्हणून मी हात पुढं केला. पण ते आपले गुडघे बघत होते. हँडल हळूच वळवायचे, गुडघ्याला टेकलं की थांबायचे, परत वळवायचे. मग मॅडमना हाक मारली. मॅडम येऊन पेंढ्यात बसल्या आणि तिथं, आमच्या गंजीत, सेंटरच्या दोन प्रमुखांची चर्चा सुरू झाली. साहेब गुडघ्यावर चापट मारायचे, मॅडम फळीवर. साहेब फळीवर बोट ठेवायचे, मॅडम ते बोट उचलून गुडघ्यावर ठेवायच्या.

"काय म्हणतायत गं?" बायकोनं विचारलं.

"मला एवढं जपानी येत नाही, आई," मुलगी म्हणाली. तिच्या हातात झाकण होतं, ते ती उगाच पदराला पुसल्यासारखं ओढणीला पुसत होती.

शेवटी साहेब उठले. मुलीला इंग्रजीत चारपाच वाक्यं बोलले. ती मान डोलवत ऐकत होती, हसत नव्हती. माझं इंग्रजी नाश्त्याच्या वेळा सांगण्याइतपत आहे, त्यात हे बसलं नाही. मग साहेब आबांपुढे जाऊन सांडलेल्या दुधाबद्दल इतके वाकले की आबांचाच नाइलाज झाला. "जाऊ द्या ओ," ते म्हणाले, "आमचा ह्यो बी पयल्यांदा असाच गेलता." ह्यो म्हणजे मी.

उरलेलं दूध मी डेअरीला घेऊन गेलो. मागं पाहुण्यांची गाडी, माझ्याच वेगानं. मॅडम खिडकीतून अर्ध्या बाहेर येऊन माझे पाय बघत होत्या. गावात लोक दारात उभे राहून बघायला लागले, एकानं विचारलं, "काय भाऊ, निवडणुकीला उभं ऱ्हायला का?" डेअरीवरून पाहुणे परस्पर गेले. मुलगी रिकाम्या किटल्या मांडीवर धरून माझ्यामागं बसून घरी आली. वाटेत मी काही विचारलं नाही. माझी छाती होत नव्हती.

अंगणात आबांनी विचारलं. "काय म्हनला सायेब?"

"माझं मॉडेल मोडायला सांगितलं."

बायकोनं पदर डोळ्यांना लावला. "पुरणपोळी खाऊन वर असं बोलले?"

"अगं आई, ऐक तर. आकडे काढायचे, मागची बाजू सगळी मोडायची, आणि पाय ठेवतो तिथून पुन्हा सुरू करायचं. तिथं रुंद सपाट जागा हवी, आणि हँडल गुडघ्याला लागता कामा नये. साहेब म्हणाले, आकडे तू वरवर बघितलेस, फळी बघितली नाहीस. आता फळी नीट बघ." ती हसायला लागली. "मोठं मॉडेल. उद्यापासून."

"मोडायला सांगितलं आन् ही हासती!" आबा म्हणाले.

"आबा, मोडायला दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर मी रडले असते."

आबांनी यावर विचार केला. "म्हंजी परत चिखलनी," ते म्हणाले. "मग बरोबर हाय. एकदा करून कवा रान तयार हुतंय."

मी जरा पुढं सरकलो. वातावरण निवळलेलं बघून म्हणालो, "म्हणजे एका अर्थी आकडे कापले ते..."

"बाबा."

"नाही, मी आपलं म्हटलं."

"तुम्ही आकडे कापून फार मोठं काम केलंत असं लग्नाकार्यात सांगत फिरायचं नाही. सांगून ठेवते."

"नाही फिरणार."

"शपथ घ्या. आणि या वेळची खरी."

मी घेतली. मग तिनं किटल्या पाण्यानं भरून पुन्हा फळीवर ठेवल्या, मला स्कूटरवर बसवलं आणि शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन माझ्याभोवती फिरायला लागली. गुडघा ते गुडघा. टाच ते फळीचं टोक. गुडघा ते हँडल. बायको मापं कागदावर लिहून घेत होती आणि मध्येच "एवढं?" म्हणत होती. मी ताठ बसलो होतो. उद्या आपलं माप जपानी माणसांसमोर ठेवलं जाणार, त्यावरून गाडी घडणार, म्हणजे सुदुंबऱ्यापासून पार जपानपर्यंत जाणार, या विचारानं मी खांदे मागं घेतले, श्वास आत ओढला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

टेपचं एक टोक हँडलच्या मधोमध धरून मुलगी माझ्यासमोर वाकली होती. तिनं दुसरं टोक माझ्या शर्टाच्या बटणापर्यंत आणलं आणि थांबली. वर बघितलं.

"बाबा, पोट सोडा."

"सोडलेलंच आहे."

"सोडा, बाबा. रोज जसं असतं तसं."

मी सोडलं. टेप मागं सरकली. तिनं माप वाचलं, बायकोनं लिहिलं, आणि या खेपेला "एवढं?" आबा म्हणाले.